जबानीत न बसणारं अक्षर

राव सारांवर मी आजवर तमिळमध्ये दोन पत्रकं लिहिली आणि दोन्ही चुकीची निघाली. खोटं बोलायचं म्हणून नव्हती लिहिली. पण पत्रकाला एक शत्रू लागतो, एक बळी लागतो आणि पानाच्या तळाशी एक मागणी लागते. राव सार यांतल्या कुठल्याच जागी नीट बसत नाहीत. म्हणून हे तिसऱ्यांदा लिहितेय, आणि या वेळी मराठीत, कारण सगळा घोळ ज्या शब्दावरून झाला तो शब्द मराठी आहे.

चेन्नईबाहेर इरुंगाट्टुकोट्टैला मोटारींच्या सुट्या भागांचे कारखाने जिथे संपतात, तिथे मागच्या बाजूला एक पिठाची गिरणी आहे. कोपऱ्यावरची चक्की नव्हे. चार मजली गिरणी. उत्तरेकडून ट्रक भरून गहू येतो आणि मैदा, रवा, आटा होऊन पोत्यांतून बाहेर पडतो. मालकांची पेढी शहरात, जॉर्ज टाउनमध्ये. मालक गिरणीत यायचे ते आयुधपूजेला. यंत्रांना चंदन-कुंकू लावायचे, लिंबू चिरडायचे, फोटो काढून जायचे. उरलेलं वर्ष यंत्रं राव सारांची.

नाव रघुनाथ राव; 'सार' म्हणजे इथल्या तोंडचं 'सर'. हुद्दा कागदावर 'मिल टेक्निशियन', म्हणजे यंत्र चालवायचं त्यांनीच आणि बिघडलं की दुरुस्तही त्यांनीच करायचं. वय अठ्ठावन्नच्या आसपास, अंगकाठी बारीक, खाकी शर्टाच्या खिशात नट पिळायचे दोन पाने आणि एक रंगवायचा ब्रश. ब्रश पीठ झाडायला. भुवया कायम पांढऱ्या. एकदा सुट्टीच्या दिवशी बस स्टॉपवर भेटले तर भुवया काळ्या होत्या आणि मी ओळखलंच नाही. घरची भाषा मराठी, पण तंजावरची. पूर्वज तीनेकशे वर्षांपूर्वी कधीतरी तिकडे गेले आणि तिथेच राहिले. सोबत नेलेली मराठी त्यांनी तशीच जपून ठेवली, वर तमिळ हेल चढला. माझी मराठी वेगळी. वडील सोलापूरहून इथल्या संरक्षण खात्याच्या कारखान्यात आले, मी इथेच वाढले. रस्त्यावर तमिळ, घरी मराठी. आम्ही सात-आठ जण कामगारांच्या सुरक्षिततेसाठी काम करतो. गेटवर पत्रकं वाटतो, अपघात झाला की इस्पितळ आणि कचेऱ्यांच्या फेऱ्या मारतो.

गेटवर पत्रक घेतलेला माणूस ते घडी करून खिशात घालतो किंवा त्यावर वडा ठेवतो. राव सारांनी ते घेतलं, चष्मा लावला, गेटच्या भिंतीला टेकले आणि शेवटच्या ओळीपर्यंत वाचलं. मी बघतच राहिले. तेवढ्यात आईचा फोन आला, मी मराठीत दोन शब्द बोलून ठेवला, आणि हे गृहस्थ उजळले.

"अरे! तुम्ही आमच्यांतल्याच की! मग हें काय म्हणून लिहिलांत? 'राक्षसी यंत्रें'?"

"लोकांचे हात जातात, काका."

"यंत्र हात खात नाही, अम्मा. हात आपण देतों."

मला संताप आला. सरळ म्हणाले, "हे मालकाचं वाक्य आहे."

ते मोठ्याने हसले. "मालकास येवढें ठाऊक असतें तर आणखी काय पाहिजे होतें?"

त्या वाक्यावरून मी त्यांना मनातल्या मनात मालकाचा माणूस ठरवून टाकलं. आमच्या धंद्यात असं पटकन ठरवावं लागतं. ते 'हात आपण देतों' म्हणजे काय म्हणत होते, हे कळायला आत जावं लागलं. सुरक्षा सप्ताहात बाहेरच्यांना गिरणी दाखवायची म्हणून त्यांनी मला आत नेलं.

तिसऱ्या मजल्यावर चाळणी-यंत्रं आहेत. खोलीएवढ्या पेट्या वेताच्या काठ्यांवर छताला टांगलेल्या आणि सगळ्या गरगर डोलतायत. जमीनही डोलते. मी खांब धरला. राव सार त्या पेट्यांमधल्या अरुंद वाटेने असे चालले की जणू स्वतःच्या घरातल्या माजघरातून चाललेत. जाता जाता बोलत होते, पण माझ्याशी नव्हे. "हां हां, आलों. थांब की." एका नळकांड्यावर रबरी हातोडीने दोनदा टकटक केलं. आत तुंबलेलं पीठ सुटल्याचा सरसर आवाज आला. "गोड बोललें की ऐकते," म्हणाले.

खाली रोलर. दोन लोखंडी रूळ एकमेकांकडे फिरतात, मधून गहू जातो. त्या दोन रुळांमधलं अंतर हाताच्या चाकाने कमी-जास्त करायचं. यंत्राच्या दाराखाली राव सार हात धरत, पडणारा माल तळहातावर घेत, अंगठ्याने पसरत आणि चाक केसभर फिरवत. हे दिवसातून पन्नास वेळा. गहू दळण्याआधी पाणी मारून कित्येक तास मुरवत ठेवतात. तो मुरला का, हे ते दाणा दाताखाली फोडून सांगायचे. गिरणीत ओलावा मोजायचं नवं मीटर आलं तेव्हा सगळ्यांना वाटलं, आता म्हातारा भांडणार. पहिल्याच दिवशी मीटर म्हणालं माल तयार आहे, राव सार म्हणाले अजून दोन तास. मीटरचं ऐकलं आणि मैदा उत्तम निघाला. दुसऱ्या दिवशी राव सार दातांच्या डॉक्टरकडे गेले. परत आले आणि चारी मजल्यांवर स्वतः जाऊन सांगून आले, "मीटर खरें. माझी दाढ किडली होती." असा माणूस. आपली चूक दुसऱ्याने शोधायच्या आत स्वतः पोचवून यायचे.

आता कुलपाकडे येते.

यंत्रात कुणाचाही हात जाण्याआधी राव सार मेन स्विच खाली ओढायचे, त्याच्या कोयंड्यात स्वतःचं पितळी कुलूप घालायचे आणि किल्ली शर्टाच्या आत, कमरेच्या करगोट्याला बांधायचे. मग पोटावर थाप मारून म्हणायचे, "किल्ली इथें. आतां घाला हात." काम संपलं की आत गेलेल्या प्रत्येकाला पॅनेलसमोर उभं करून मोजायचे, हात वर करायला लावायचे, बोटंसुद्धा बघायचे. नवे लोक शाळेतल्यासारखे लाजायचे. मग किल्ली सुटायची.

एकदा असंच कुलूप लागलेलं असताना पेढीवरून फोनावर फोन येत होते. ट्रक थांबलेत, लाइन चालू करा. मॅनेजर स्वतः खाली आले.

"राव सार, किल्ली द्या. दोन मिनिटांचं काम राहिलंय, ते चालू ठेवून करा."

राव सारांनी डबा उघडला. दहीभात. "सार, आतां मी जेवायला बसलों. करगोटा सोडायचा तर शर्ट काढावा लागतो. जेवतांना शर्ट काढून बसलों तर तुम्हांस बरें दिसेल काय?"

त्यांनी तो दहीभात वीस मिनिटं खाल्ला. तेवढ्यात आतलं काम पुरं झालं. ही गोष्ट गिरणीतला प्रत्येक जण सांगतो आणि प्रत्येक जण जेवणाची मिनिटं वाढवतो. मी तीसपर्यंत ऐकली आहेत.

ते मॅनेजर गेले. त्यांच्या जागी आलेले मॅनेजर डब्याला फसणारे नव्हते. त्यांच्या काळात आट्याची दुसरी लाइन बसली, आणि तिचं वेगळं पॅनेल 'येतंय' म्हणून ती तात्पुरती जुन्याच मेन स्विचवर जोडली. म्हणजे आता एका लाइनसाठी कुलूप घातलं की दोन्ही लाइन बंद. एक पट्टा बदलायला अख्खी गिरणी थांबणार. मॅनेजरांना ते परवडेना. आणि एक दिवस मेन स्विचवरचा कोयंडा नाहीसा झाला. कुलूप राहिलं, किल्ली राहिली, कुलूप अडकवायची जागाच गेली. नवी पद्धत अशी: त्या यंत्राचं लाल बटण दाबायचं, पॅनेलवरच्या माणसाला ओरडून सांगायचं आणि काम करायचं. वेगळं पॅनेल येतच होतं. अजूनही येतच असेल.

पॅनेलवर सेल्वम. बारा वर्षं तिथेच, बोलणं अगदी कमी, राव सारांचा उजवा हात. राव सारांनी "ओड विडु" म्हटलं की तो हिरवं बटण दाबायचा. तमिळमध्ये याचा अर्थ 'चालू दे'. गिरणीच्या आवाजात त्यातला पहिला शब्दच पोचायचा आणि तेवढा पुरायचा. ओड.

याच सुमारास दत्ता आला. लातूरकडचा, चाळिशी ओलांडलेला, गावात भावाबरोबर पिठाची चक्की चालवायचा. ठेकेदाराने बिहार-ओडिशाच्या लोकांबरोबर त्यालाही आणून टाकलं. तमिळ शून्य. राव सारांना कळलं की हा मराठी, आणि गिरणीतले सगळे बघत राहिले. तीस वर्षं या माणसाने कामावरच्या माणसांशी मराठी उच्चारली नव्हती. उच्चारणार कुणाशी? आता चहाच्या सुट्टीत दोघांचा अड्डा. दोघांनाही एकमेकांची मराठी अर्धीच कळायची.

दत्ताला प्रत्येक वाक्यात 'राव' घालायची सवय. आपल्याकडे असतेच. "काय गरम होतंय राव!"

"होय. मग?" राव सार.

"नाही, तुम्हाला नाही म्हटलं."

"मज नांवानें हाक मारलांत की."

"अहो ते राव वेगळं, राव!"

"पुन्हां!"

दत्ता पोट धरून हसायचा. म्हणायचा, "तुमची मराठी ऐकली की वाटतं आता कीर्तन सुरू होणार." राव सार म्हणायचे, "आणि तुमची ऐकलें की वाटतें भांडण." दत्ता त्यांच्यासाठी गावाहून शेंगदाण्याची चटणी घेऊन आला, यांनी त्याला घरचं उडीदपिठाचं डांगर खिलवलं. त्याने विचारलं, यात तिखट कुठाय? असं सगळं.

दत्ताला यंत्राची जाण होती, आणि राव सार त्याला कामाच्या सूचनाही मराठीतूनच द्यायला लागले. बाकी सगळ्यांना 'इळु', म्हणजे खेच. दत्ताला 'ओढ'. चुकलं असेल तर एवढंच चुकलं. एका माणसाला स्वतःच्या भाषेत बोलायला मिळालं आणि त्याने ते घेतलं. यात गुन्हा काय आहे, हे मला अजून कुणी सांगितलेलं नाही.

त्या दिवशी मैद्याच्या एका रोलरचा पट्टा बदलत होते. लाल बटण दाबलेलं. आट्याची लाइन शेजारी धडधडत होती. राव सार मोटरमागे वाकून तिचे बोल्ट सैल करत होते, पुढे दत्ता नवा पट्टा चाकावर चढवत होता. मोटर थोडी सरकली तेव्हा राव सार मागून ओरडले, "ओढ! ओढ!"

सेल्वमने ऐकलं, ओड. त्याने हिरवं बटण दाबलं.

दत्ताच्या उजव्या हाताची चार बोटं गेली. यापुढे मी त्यावर लिहिणार नाही. पहिल्या पत्रकात पुष्कळ लिहिलं होतं, मोठ्या टायपात, आणि कुणीतरी फोनवर त्याचा अर्थ सांगितल्यावर दत्ताच्या बायकोला गावी चक्कर आली.

इस्पितळात राव सार रोज जायचे. पण पहिल्या दिवशी खाटेशी उभे राहिले आणि विचारलं, "वलिक्कुदा?" दुखतंय का, असं तमिळमध्ये. दत्ताला समजेना. त्यांनी पुन्हा तमिळमध्येच विचारलं.

दत्ता म्हणाला, "मराठीत विचारा की राव. हात गेलाय, कान नाही."

राव सार वळले आणि बाहेर व्हरांड्यात गेले. त्यानंतर कित्येक आठवडे ते मराठी बोललेच नाहीत. माझ्याशीही नाही. मी मराठीत विचारायचे, ते तमिळमध्ये उत्तर द्यायचे. दत्ताला तमिळमध्ये काहीतरी सांगत राहायचे, दत्ता मान हलवायचा, मध्ये बसून मी दुभाषेगिरी करायचे. एका मराठी माणसाचं दुसऱ्या मराठी माणसाला, मराठीतच.

गिरणीने दोन दिवसांत आपली बाजू तयार केली: दुर्दैवी भाषिक गैरसमज. परप्रांतीय कामगार, भाषेची अडचण, सहकाऱ्याची चुकीची सूचना. शब्दच इतके गुळगुळीत की हातात धरवत नाहीत. मी पेटले. पहिल्या पत्रकात मी तो शब्द येऊच दिला नाही. 'ओढ' नाही, 'ओड' नाही, काही नाही. फक्त हलगर्जीपणा आणि नफेखोरी. राव सारांनी तेही भिंतीला टेकून वाचलं.

"यात मी काय ओरडलो ते नाही," ते तमिळमध्ये म्हणाले.

"मुद्दाम नाही घातलं. त्यांना तेच तर हवंय."

"म्हणजे तुम्हीही झाकलंत."

दुसऱ्या पत्रकात मी कोयंड्यावर गेले. कुणीतरी मला स्विचचा जुना फोटो दिला होता. ठळक अक्षरांत छापलं: व्यवस्थापनाने सुरक्षेचा कोयंडा काढून टाकला! तेही राव सारांनी शेवटच्या ओळीपर्यंत वाचलं. चष्मा पुसत राहिले. मला वाटलं, पटलं.

चौकशीची तारीख आली. सरकारी कचेरी, एक निरीक्षक मॅडम, तमिळ टाइप करणारे एक वयस्क गृहस्थ, गिरणीचे वकील. दत्ताला भाषा येत नाही म्हणून मला आत बसायची परवानगी मिळाली. सेल्वम बाहेर बाकावर नखं खात बसलेला. आत जाण्याआधी जिन्यावर मी राव सारांना गाठलं. आणि मी काय म्हणाले ते लिहिणं भाग आहे.

मी म्हणाले, "काका, 'इळु' म्हणालो असं सांगा. तमिळमध्येच. दत्ता तसंच सांगेल. मग भाषेचा मुद्दा खलास."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "आणि सेल्वम? 'खेच' ऐकून ज्याने बटण दाबलं तो माणूस एक तर बहिरा किंवा खुनी. त्याच्या घरी जाऊन कोण सांगणार? तुम्ही?"

 पत्रक लिहिताना सेल्वमचा विचारच केला नव्हता मी. कामगार म्हटलं की सगळे एका बाजूला, असं गृहीत.

आत जबानी सुरू झाली. सगळं तमिळमध्ये. पट्टा, मोटर, बोल्ट, इथवर सुरळीत. मग, "तुम्ही काय ओरडलात?"

"ओढ."

टायपिस्टनी टाइप केलं. मॅडमनी पडद्यावरून वाचलं, "मी 'ओड' असे ओरडलो."

"नाही. ओढ."

"तेच लिहिलंय."

"ओड म्हणजे चाल, धाव. मी ओढ म्हणालो. ढ."

"ड," टायपिस्ट म्हणाले.

"ढ."

टायपिस्ट भला माणूस. त्यांनी छाती भरून श्वास घेतला आणि प्रयत्न केला, "ड्हा!" टेबलावरचे कागद हलले. दत्ता फस्सकन हसला. अपघातानंतर पहिल्यांदाच. मग सगळेच खाली बघायला लागले.

तमिळ लिपीत ढ नाही. ट, ठ, ड, ढ या सगळ्यांना मिळून एकच अक्षर. तुम्ही ओढ म्हणा, कागदावर ते ओड होऊनच उमटतं, आणि वाचणारा प्रत्येक जण 'चालू' असंच वाचतो. सेल्वमच्या कानाने जे केलं, तेच आता सरकारी कागद करत होता.

वकील नम्रपणे म्हणाले, "मॅडम, साक्षीदारांनी शब्द तीनदा सांगितला. कागदावर तोच आहे. सही घ्यावी."

राव सारांच्या हातात पेन दिलं. मी बसल्या जागी हिशेब केला. या कागदावर सही केली तर यंत्र चालू करायला त्यांनीच सांगितलं, संपलं. 'ओढ'चा अर्थ मराठीत खेच असा होतो, असं लिहून घेतलं तर वकील विचारणार, पॅनेलवरच्या माणसाला न कळणारी भाषा वापरलीच कशाला? पुन्हा दोष त्यांचाच. 'इळु' म्हणालो म्हटलं तर सेल्वम गेला. कुठल्याही दाराने गेलं तरी कामगारांपैकीच कुणीतरी अडकत होतं, गिरणीचं मात्र कुणीच नाही.

राव सारांनी पेन खाली ठेवलं.

"मॅडम, मी शीळ घातली असं लिहा. शिंकलो असं लिहा. काही लिहा. मी आत वाकून रामायण म्हटलं असतं तरी तो पट्टा हलायला नको होता. मेन स्विचला कुलूप असतं तर सेल्वमने दहा बटणं दाबली असती तरी काही झालं नसतं."

"कुलूप का नव्हतं?"

"अडकवायला कोयंडा नव्हता."

वकील उठले, हे विषयाला सोडून आहे म्हणाले. मॅडमनी त्यांना हाताने बसवलं. "कोयंडा कुणी काढला?"

माझ्या पिशवीत दुसऱ्या पत्रकाचा गठ्ठा होता, ठळक अक्षरांसकट.

"मी," राव सार म्हणाले.

 टायपिस्टची बोटं थांबली.

"मी काढला. दोन नट होते. मॅनेजरांनी सांगितलं, तोंडी. मी म्हटलं लिहून द्या. ते म्हणाले, राव सार, आपल्यात कागद कशाला? मी पाना घेतला आणि काढला. इलेक्ट्रिशियनला सांगितलं असतं तर त्याने मला 'का' म्हणून विचारलं असतं. म्हणून मीच."

"तुम्हाला धोका माहीत होता?"

"त्या गिरणीत माझ्याइतका कुणाला माहीत नव्हता."

"मग 'नाही' का म्हणाला नाहीत?"

 मी मनात उत्तरं पुरवत होते: धमकी दिली, घर गिरणीचं आहे, बायको आजारी आहे. पत्रकात शोभणारी उत्तरं. ते म्हणाले, "पुढच्या वर्षी निवृत्ती. त्यानंतर दोन वर्षं वाढवून देतो म्हणाले होते. मला घरी बसायचं नव्हतं. मला ती गिरणी सोडायची नव्हती, मॅडम."

हे सगळं टाइप झालं. सेल्वमला आत बोलावलं, त्याने मॅनेजरांचा तोंडी हुकूम आपल्या कानांनी ऐकल्याचं सांगितलं. बारा वर्षांतलं त्याचं सगळ्यात लांब बोलणं.

सही करायच्या आधी राव सार अडले. त्यांना तो शब्द हवा होता, आपण म्हटला तो. मॅडम थकल्या होत्या. म्हणाल्या, समासात हाताने लिहा, मी शेजारी सही करते. पण राव सार शाळेत तमिळ शिकलेले, देवनागरी वाचतात अडखळत, लिहिली कधीच नाही. ते माझ्याकडे वळले आणि कित्येक आठवड्यांनी मराठीत बोलले.

"अम्मा, तें कसें काढतांत?"

मी पत्रकाच्या मागच्या कोऱ्या बाजूवर मोठं करून लिहिलं: ओढ. त्यांनी ते समोर ठेवून एक-एक रेघ उतरवली. 'ढ'चा आकडा उलटाच वळला. दत्ताने मान वाकवून पाहिलं आणि म्हणाला, "जमलं, राव."

पुढचं थोडक्यात. दुर्घटनेचं कारण म्हणून कागदावर कुलपाची सोय नसलेला स्विच आला, भाषा नाही. दत्ताचा दावा उभा राहिला. तो गावी गेला, चक्कीवर भावाशेजारी बसतो, रविवारी राव सारांना फोन करतो. दोन्ही लाइनींना वेगळे स्विच लावायचा हुकूम झाला. सेल्वम पॅनेलवरच राहिला. मॅनेजरांची बदली झाली, दुसऱ्या गिरणीवर, तीही मोठ्या. आणि सुरक्षेचं साधन स्वतःच्या हाताने काढल्याचा लेखी कबुलीजबाब दिला म्हणून राव सार निलंबित. हे वाचून तुम्हाला चीड येत नसेल तर मला तुमच्याशी काही बोलायचं नाही.

निलंबन म्हणजे घरी पाठवलं असं वाटतं. तसं नाही. अंतर्गत चौकशी पुरी होईपर्यंत रोज सकाळी आठला गेटवर येऊन हजेरी लावायची, पाचला परत सही करेपर्यंत तिथल्या बाकावर बसायचं, आत पाऊल टाकायचं नाही, बाहेर दुसरीकडे काम धरायचं नाही. चौकशीला तारखा पडतायत. यंत्रं तिथून पन्नास पावलांवर चालू आहेत. मी तिसरं पत्रक काढते म्हणाले तर त्यांनी हात जोडले. "काढूं नका. 'निर्दोष' म्हणून छापाल. मी तो नव्हें."

मागच्या आठवड्यात मी पाचच्या आधी तिथे गेले होते. बोलून झाल्यावर समोरच्या स्टॉपवर बसमध्ये चढले, खिडकीशी उभी राहिले. शिफ्ट सुटली. लोक गेटमधून बाहेर पडले, बाकापाशी आले की पाय मंदावायचे, कुणी मान हलवायचं, कुणी मोबाइल काढायचं. निलंबित माणसाशी बोलू नये अशी नोटीस आहे म्हणे. सगळ्यांच्या शेवटी सेल्वम आला. तो थांबला. वॉचमनकडे पाहिलं, बाकाकडे पाहिलं आणि बसायला म्हणून वळला. राव सारांनी मान हलवून त्याला नको म्हटलं. तो हलेना. तेव्हा त्यांनी आपली डब्याची पिशवी मांडीवरून उचलून बाकाच्या रिकाम्या जागेवर ठेवली, नीट पसरून, दुसऱ्या कुणाला बसता येणार नाही अशी. सेल्वम थोडा वेळ त्या पिशवीकडे बघत उभा राहिला आणि गेला. वॉचमनने हजेरीचं पुस्तक आणलं. बस सुटली तेव्हा राव सार वाकून त्यात सही करत होते.